छापून येण्याआधी आलेला चेक

मागच्या आठवड्यात आमच्या डिपार्टमेंटमधल्या एमएससीच्या एका मुलीने विचारलं, "ताई, लेखाचे चांगले पैसे देणारी मासिकं कोणती? नावं सांग ना." तिला पीएचडी करायचीय, फेलोशिपचं अजून नक्की नाही आणि घरी पैसे मागायची सोय नाही. मी तीन-चार नावं सांगितली. संध्याकाळी लॅबमध्ये कॉलम चालू असताना लक्षात आलं, की आपण तिला अर्धंच उत्तर दिलं.

दोन वर्षांपूर्वी माझी फेलोशिप सात महिने अडकली होती. तेव्हा मीही अशीच नावं गोळा केली होती, आणि बघितलं काय, तर शब्दाला सगळ्यात जास्त कोण देतं एवढंच. एका मासिकाला दोन हजार शब्दांचा लेख दिला. तो छापून आला, घरी पेढे झाले. मानधनाचं विचारलं तर "पुढच्या महिन्यात बघू". ते पुढचे महिने मोजायचं मी आता सोडून दिलंय.

विज्ञान शिकलेल्या आणि खिसा रिकामा असलेल्या माणसांनी पैसे देणारी मासिकं कशी शोधली, हे त्यानंतर मी नाद लागल्यासारखं वाचलं. माझा विषय रसायनशास्त्र आहे, इतिहास नाही, तेव्हा सांभाळून घ्या. पण दोन माणसांच्या हिशोबातून मला जे कळलं, ते तुम्हाला नावांच्या यादीपेक्षा जास्त उपयोगी पडेल असं वाटतं.

पहिला माणूस एच. जी. वेल्स. आपण त्याला कादंबरीकार म्हणून ओळखतो, पण तो लंडनमध्ये टी. एच. हक्सलीच्या हाताखाली जीवशास्त्र शिकला होता. १८९० मध्ये बीएस्सी झाला आणि पत्राद्वारे शिकवणाऱ्या एका कॉलेजसाठी जीवशास्त्र शिकवू लागला. आजच्या भाषेत, कोचिंग क्लासचा मास्तर. १८९१ मध्ये 'फोर्टनाइटली रिव्ह्यू' या वजनदार मासिकाने त्याचा एक तत्त्वचिंतनपर लेख छापला. संपादक होता फ्रँक हॅरिस. वेल्सला वाटलं, झालं, आता आपण लेखक! त्याने लगेच त्याहून जड दुसरा लेख पाठवला. त्याचे खिळेसुद्धा जुळवून झाले. मग हॅरिसने तो वाचला, त्याला त्यातलं काही कळेना, आणि त्याने वेल्सला ऑफिसात बोलावलं. वेल्स जुनी उंच हॅट घालून गेला. ती ओल्या स्पंजाने पुसून सारखी करायच्या नादात आणखीच बिघडली होती, आणि आता टेबलावर दोघांच्या मधोमध विराजमान झाली. या लेखाचा अर्थ काय, असं हॅरिसने विचारलं. वेल्सला धड सांगता येईना. जुळवलेले खिळे परत सुटे झाले.

हा प्रसंग वाचताना मला माझा पहिला सिनॉप्सिस आठवला. तुम्हालाही आपापलं काहीतरी आठवेल.

पुढे १८९३ च्या मे महिन्यात वेल्सच्या फुप्फुसातून रक्त आलं. वर्गात उभं राहून शिकवणं बंद झालं. हाताशी लेखणी तेवढी उरली, आणि घरात खाणारी तोंडं होती. विश्रांतीसाठी तो समुद्रकाठच्या ईस्टबोर्नला गेला होता. तिथे जे. एम. बॅरीची एक कादंबरी त्याच्या हाती पडली. तिच्यातलं एक पात्र सांगतं की रोजच्या साध्यासुध्या वस्तूंवर लिहा, तेच खपतं. वेल्सने तिथल्या तिथे हाताला लागलेल्या कागदाच्या मागच्या बाजूला समुद्रकाठी सुट्टी घालवण्यावर एक गमतीदार लेख खरडला, बहिणीकडून टाइप करून घेतला आणि 'पॉल मॉल गॅझेट'ला पाठवला. तो लगेच स्वीकारला गेला, वर आणखी पाठवा म्हणून मागणी आली. लेख जसजसे साभार परत येत गेले, तसतसे आपण आणखी उंच विषय शोधत गेलो आणि नेम लक्ष्याच्या वरून जात राहिला, असं त्याने पुढे आत्मचरित्रात कबूल केलंय.

गोष्ट इथे संपवली तर "सोपं लिहा" एवढंच हाती लागतं. ते खरं असलं तरी मला त्यात मोठा रस नाही. मला पडलेला प्रश्न वेगळा आहे: एका वर्तमानपत्राकडे अनोळखी मास्तरच्या हलक्याफुलक्या लेखांना द्यायला पैसे आले कुठून?

विल्यम वॉल्डॉर्फ ॲस्टर या गडगंज अमेरिकन माणसाने १८९२ मध्ये 'पॉल मॉल गॅझेट' विकत घेतलं होतं. पत्र फायद्यात चालो न चालो, ते झकपक निघालं पाहिजे ही त्याची हौस. म्हणजे वेल्सचा नेम खाली आला हे खरं, पण तो आणला तेव्हा समोरची तिजोरीही नुकतीच भरलेली होती. त्याच घरच्या 'पॉल मॉल बजेट' या साप्ताहिकाच्या संपादकाने त्याला सुचवलं, की तुझं विज्ञानाचं ज्ञान वापरून एका बैठकीत वाचून होतील अशा गोष्टी लिही. एका गोष्टीला पाच गिनी. जंतू चोरून नेणाऱ्या माणसाची त्याची प्रसिद्ध कथा या सिलसिल्यातली. वेल्सची वर्षाची कमाई १८९४ मध्ये ५८३ पौंडांच्या घरात गेली आणि १८९६ मध्ये तिने हजाराचा आकडा ओलांडला. मास्तरकीत त्याने एवढे पैसे कधी पाहिले नव्हते.

दुसरी गोष्ट संपादकाची. कालप्रवासावरचे त्याचे लेख 'नॅशनल ऑब्झर्व्हर'मध्ये डब्ल्यू. ई. हेन्ली छापत होता. १८९४ मध्ये हेन्लीची तिथली खुर्ची गेली आणि लेखमाला मधेच तुटली. पण हेन्ली 'न्यू रिव्ह्यू'मध्ये गेल्यावर त्याने वेल्सला आठवणीने बोलावून घेतलं. १८९५ मध्ये तिथे 'द टाइम मशीन' क्रमशः आली आणि तिचे शंभर पौंड मिळाले. मासिकाचं नाव बदललं, संपादक तोच राहिला. आपण याद्या करतो त्या मासिकांच्या. संपादक कोण आणि सध्या कुठे आहे, हे कुणी टिपून ठेवत नाही. मीही ठेवलं नव्हतं.

आता अटलांटिक ओलांडून तीस वर्षं पुढे येऊ, कारण वेल्सच्या याच कथा न्यूयॉर्कमध्ये पुन्हा छापून एक नवं मासिक उभं राहिलं. १९२६ मध्ये ह्यूगो गर्न्सबॅकने 'अमेझिंग स्टोरीज' काढलं. निव्वळ विज्ञानकथांचं ते पहिलं इंग्रजी मासिक. आज त्याच्या नावाने मोठा पुरस्कार दिला जातो. त्याच्या लेखकांच्या आठवणी मात्र गोड नाहीत. रेट कमी, तोही कथा छापल्यानंतर, आणि छापल्यानंतर म्हणजे नेमका कधी याला धरबंध नाही. "कोर्टात गेल्यावर पैसे मिळतील" असा विनोदच पडला होता.

डोनाल्ड वोल्हाइम हा विशीतला लेखक खरोखरच त्या वाटेला गेला. गर्न्सबॅकच्या पुढच्या मासिकात, 'वंडर स्टोरीज'मध्ये, १९३४ साली त्याची पहिली कथा छापून आली. पैसे आले नाहीत. त्याने स्वस्थ न बसता इतर लेखकांना पत्रं लिहून विचारलं, तेव्हा कळलं की तो एकटा नव्हता. सगळ्यांनी मिळून वकील केला आणि ७५ डॉलरवर तडजोड झाली. मला यातली रक्कम महत्त्वाची वाटत नाही, ती पत्रं वाटतात. मी माझ्या मासिकाबद्दल आधी दोन जणांना विचारलं असतं तर माझा लेख वाचला असता. (वोल्हाइमने पुढे टोपणनावाने त्याच मासिकाला आणखी एक कथा दिली आणि तिचेही पैसे बुडाले. म्हणजे शहाणपणालाही वेळ लागतो.)

त्याच सुमाराला दुसऱ्या टोकाचं उदाहरणही होतं. १९३० मध्ये क्लेटन या प्रकाशकाने 'अस्टाउंडिंग' सुरू केलं. शब्दाला दोन सेंट, आणि तेही कथा स्वीकारल्याबरोबर. बाकीची मासिकं अर्धा सेंट, तोही छापून आल्यावर देत होती, त्यामुळे लेखक तिकडे धावले यात नवल नाही. पण मंदी आली आणि १९३३ मध्ये क्लेटनचं दिवाळं निघालं. सगळ्यात चांगला रेट देणारा सगळ्यात आधी बुडाला. मासिक 'स्ट्रीट अँड स्मिथ' या जुन्या, भक्कम घराने उचललं आणि रेट शब्दाला एक सेंटवर आला. पण तो मिळत मात्र राहिला.

या सगळ्या पडझडीनंतर, १९३८ च्या जूनमध्ये, कोलंबिया विद्यापीठात रसायनशास्त्र शिकणारा अठरा वर्षांचा मुलगा ब्रुकलिनहून सबवे पकडून 'अस्टाउंडिंग'च्या ऑफिसात गेला. वडिलांचं गोळ्या-चॉकलेटचं दुकान होतं आणि हा तिथे गल्ल्यावर बसायचा. हा आयझॅक असिमोव्ह. संपादक जॉन कॅम्पबेल त्याच्याशी तासभर बोलला आणि थोड्याच दिवसांत कथा परत पाठवली, पण सोबत काय चुकलंय त्याचं पत्र होतं. असिमोव्ह महिन्या-महिन्याला नवी कथा घेऊन जात राहिला.

त्याची विकली गेलेली पहिली कथा मात्र कॅम्पबेलने नाही, 'अमेझिंग'ने घेतली. हो, तेच उधारीवाल्याचं 'अमेझिंग'! मग याला पैसे कसे मिळाले? गर्न्सबॅकच्या हातून ते १९२९ मध्येच गेलं होतं, आणि १९३८ मध्ये शिकागोच्या झिफ-डेव्हिस कंपनीने विकत घेतलं होतं. नवा मालक, नवा संपादक, नवा नियम. असिमोव्हची कथा ऑक्टोबरमध्ये स्वीकारली गेली आणि महिना संपायच्या आत ६४ डॉलरचा चेक आला, शब्दाला एक सेंट या दराने. कथा वाचकांच्या हाती पडली ती १९३९ च्या जानेवारीत. मुखपृष्ठावर नाव तेच, पण चार वर्षांपूर्वीची यादी घेऊन कुणी बसला असता तर त्याने हे मासिक खोडून टाकलं असतं.

रॉबर्ट हाइनलाइनची गोष्ट याच काळातली. एका मासिकाने नव्या लेखकांसाठी ५० डॉलरची घोषणा केली होती. त्याने कथा लिहून शब्द मोजले, सात हजार भरले. सेंटाने गुणलं तर कॅम्पबेलकडे ७० डॉलर होतात. त्याने स्पर्धेचा नाद सोडून कथा कॅम्पबेलकडे पाठवली आणि ७० डॉलर घेतले. 'बक्षीस' हा शब्द दिसला की गुणाकार करायचं आपण विसरतो, नाही का?

असिमोव्हचे आकडे आपल्याला इतके बारीक माहीत आहेत, कारण १९३८ च्या १ जानेवारीपासून तो डायरी लिहीत होता. तरी एक सावधगिरी बाळगा. ज्यांचं नाव झालं त्यांचेच हिशोब जपले गेले. परत आलेल्या कथा घेऊन कायमचे घरी बसलेल्यांच्या डायऱ्या आपल्यापर्यंत पोचत नाहीत, आणि आपलं सॅम्पल तिथेच तिरकं होतं. शिवाय असिमोव्हलाही पहिल्या अकरा वर्षांत कथांचे एकूण आठ हजार डॉलरसुद्धा मिळाले नाहीत. फीला हातभार लागला, पण संसार त्यावर चालला नसता.

तुमच्यातल्या पुष्कळांच्या मनात पैशांइतकाच दुसराही प्रश्न असेल: गाईडला कळलं तर? मासिकात लिहितो म्हणजे कामात लक्ष नाही, असं म्हणतील का? याचं उत्तर माझ्याकडे नाही. असिमोव्हची भीती मात्र सांगते. युद्धात मोडलेली पीएचडी तो पुन्हा करत होता आणि प्रयोगासाठी रोज कॅटेकोल पाण्यात विरघळवत होता. स्फटिक पाण्याला टेकताच नाहीसे व्हायचे. त्याला वाटलं, पाणी घालायच्या आधीच विरघळणारा पदार्थ असला तर? थिसिस लिहिण्याआधी हात बसावा म्हणून त्याने आलेख, तक्ते आणि खोटे संदर्भ यांसकट 'थायोटिमोलीन' नावाच्या काल्पनिक संयुगावर गंभीर चेहऱ्याचा शोधनिबंध लिहून काढला. कॅम्पबेलला तो देताना बजावलं, की माझी तोंडी परीक्षा जवळ आलीय, टोपणनावाने छापा. मार्च १९४८ च्या अंकात तो छापला गेला, खऱ्या नावाने. आणि कोलंबियाच्या केमिस्ट्री डिपार्टमेंटमध्ये तो सगळ्यांनी वाचला.

मे महिन्यात तोंडी परीक्षा झाली. प्रश्न संपत आले. शेवटी एका परीक्षकाने गंभीरपणे विचारलं, की थायोटिमोलीनच्या ऊष्मागतिकीबद्दल काही सांगाल का? असिमोव्हला हसू आवरेना. नापास करायचं असतं तर यांनी थट्टा केली नसती, हे त्याला त्या क्षणी कळलं. त्याला हाताला धरून बाहेर न्यावं लागलं. पाच मिनिटांनी परीक्षक बाहेर आले आणि त्यांनी त्याला 'डॉक्टर' म्हणून हाक मारली.

त्या एमएससीच्या मुलीला मी काल पुन्हा भेटले. आधी दिलेल्या नावांपैकी एक खोडलं. उरलेल्यांपुढे संपादक कोण, मालक कधी बदलला आणि पैसे स्वीकारल्यावर देतात की छापल्यावर, असे तीन रकाने आखून दिले. ते तिने स्वतः भरायचेत, तिथे आधी छापून आलेल्या दोन माणसांना फोन करून. पहिला फोन तिने माझ्यासमोरच लावला.