तारेवरून आलेले ठोके

आई-वडील इंदुरात आणि मुलगा-सून पुण्यात किंवा परदेशात, अशी घरे आपल्या मंडळात मोजायची म्हटली तर हाताची बोटे पुरणार नाहीत. रक्तदाबाचे यंत्र घरात होतेच, करोनाच्या काळात ऑक्सिमीटरही आला. सकाळी मोजायचे आणि आकडा व्हॉट्सअ‍ॅपवर कळवायचा. या सोयीची सुरुवात मात्र मोबाईलच्या फार आधीची आहे.

हॉलंडमधील लायडन विद्यापीठात विलेम आइन्टहोवेन हे शरीरक्रियाशास्त्राचे प्राध्यापक होते. हृदयाच्या ठोक्यांतली अतिसूक्ष्म वीज टिपणारे यंत्र त्यांनी तयार केले, पण ते सुमारे 270 किलो वजनाचे! चुंबक थंड ठेवायला पाणी खेळवावे लागे, चालवायला पाच माणसे लागत. असे धूड रुग्णालयात नेणार कसे? आणि हृदयरोग्याला प्रयोगशाळेत आणणे त्याहून अवघड. तेव्हा 1905 मध्ये त्यांनी दीड किलोमीटर दूरच्या रुग्णालयापर्यंत टेलिफोनची तार जोडून घेतली. तिकडे रुग्ण मिठाच्या पाण्यात हात-पाय बुडवून बसे, इकडे त्याच्या हृदयाचा आलेख फोटोच्या काचेवर उमटे. या ‘टेलिकार्डिओग्राम’वरचा त्यांचा निबंध 1906 मध्ये प्रसिद्ध झाला. 1924 चे नोबेलही त्यांना मिळाले.

पण हा रुग्ण रुग्णालयातच होता. हिंडत्या-फिरत्या माणसाचे हृदय पाहण्याचा ध्यास घेतला तो अमेरिकेतील मोंटाना राज्यातल्या नॉर्मन होल्टर यांनी. ते डॉक्टर नव्हेत, भौतिकशास्त्रातले. 1940 च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी पाठीवर सुमारे 38 किलोचे रेडिओयंत्र बांधून आलेख दूर पाठवून दाखवला. ‘आजींना होल्टर लावलाय’ असे आपण म्हणतो, तो हाच होल्टर.

घराघरांत ही गोष्ट शिरली ती पेसमेकरमुळे, आणि मला हाच टप्पा सर्वांत महत्त्वाचा वाटतो. तेव्हा पेसमेकरची बॅटरी जेमतेम दोनेक वर्षे टिके आणि नेमकी कधी संपेल ते सांगता येत नसे. लवकर बदलावी तर नाहक शस्त्रक्रिया, उशीर करावा तर जिवाशी गाठ. बॅटरी उतरू लागली की पेसमेकरची गती किंचित बदलते, हे डॉक्टरांना ठाऊक होते. पण ती मोजायला रुग्णाला पुनःपुन्हा दवाखाना गाठावा लागे. न्यूयॉर्कच्या माँटेफिओरे रुग्णालयातील सीमोर फर्मन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1970 च्या सुमारास ही तपासणी घरच्या टेलिफोनवरून सुरू केली. रुग्णाजवळचे छोटे यंत्र ठोक्यांचा आवाज करी, रिसीव्हर त्यावर धरला की तो आवाज रुग्णालयात पोहोचे. तिथे त्यावरून गती मोजणारे माणूस बसलेले असे.

आपल्याकडे यंत्रे त्याहून कितीतरी चांगली आहेत. फक्त आजोबांचा आकडा घरच्या ग्रुपवर पडतो, त्यावर चार अंगठे येतात, आणि डॉक्टरांना कळवायचे ते प्रत्येकाला वाटते दुसऱ्याने कळवले असेल.