उखळ, बिजागरी आणि मांडी

ज्या खांबाला टेकून ज्ञानदेवांनी गीतेवरील टीका सांगितली असे परंपरा मानते, तो ‘पैसाचा खांब’ अहिल्यानगर जिल्ह्यात (पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्यात) नेवासे येथे आजही आहे. ग्रंथाचा काळ शके १२१२, म्हणजे इ. स. १२९०. सहाव्या अध्यायात गीता आसनाविषयी मोजकेच बोलते. ज्ञानदेव मात्र टाच कोठे रोवावी, देह कसा सावरावा याचा विस्ताराने उलगडा करतात. हा सारा तपशील एक गोष्ट गृहीत धरून चालतो, ती म्हणजे पूर्ण मिटणारा गुडघा. आज याच जिल्ह्यातील गावोगावच्या सप्ताहांत मंडपाच्या मागच्या अंगाला प्लॅस्टिकच्या खुर्च्यांची रांग दिसते. आयुष्यभर जमिनीवर बसून खुरपणी, दळण-कांडण केलेल्या स्त्रिया तिथे बसतात. त्यांना मांडी घालवत नाही.

हा गुडघा बदलता येतो, हे आता खेडोपाडी ठाऊक आहे. परंतु त्याच्या जागी जे बसवायचे ते कशाचे असावे, या शोधाचा इतिहास आम्ही वाचू लागलो तेव्हा जाणवले की तो जितका पदार्थांचा आहे, तितकाच शब्दांचाही आहे. या इतिहासात चुकीच्या नावांनी संशोधकांना निदान तीन वेळा वाट चुकवली.

पहिले नाव बिजागरीचे. मराठी पाठ्यपुस्तके खुब्याला ‘उखळीचा सांधा’ आणि गुडघ्याला ‘बिजागरीचा सांधा’ म्हणतात. घरातल्या वस्तूंवरून घेतलेली ही नावे सुबोध आहेत, आणि युरोपीय भाषांतही तीच उपमा आहे. बर्लिनच्या थेमिस्टोक्लेस ग्लुक यांनी १८९० साली क्षयाने नासलेल्या गुडघ्यात हस्तिदंताची बिजागरीच बसवली. जंतुसंसर्गापुढे तो प्रयत्न टिकला नाही. १९५१ मध्ये स्वीडनच्या वॉल्डियस यांनी ॲक्रिलिकची आणि पुढे धातूची बिजागरी वापरली. वस्तुतः गुडघा एका आसावर फिरत नाही. मांडीचे हाड नडगीच्या हाडावर घरंगळते, सरकते आणि किंचित वळतेही. बिजागरीला हे ठाऊक नसल्याने तो सारा पीळ हाडाच्या पकडीवर येई आणि सांधा सैल होई. १९६८ च्या सुमारास फ्रँक गन्स्टन यांनी पोलादाच्या चकत्या प्लॅस्टिकवर घरंगळतील अशी मांडणी केली, तेव्हा कुठे या उपमेपासून सुटका झाली.

उखळीची कथा निराळी आहे. इंग्लंडमध्ये रायटिंग्टन येथे जॉन चार्नली यांनी १९५८ पासून खुब्याच्या वाटीसाठी टेफ्लॉन वापरले. तो अतिशय गुळगुळीत पदार्थ. पण दोन-तीन वर्षांतच वाट्या झिजल्या आणि झिजेच्या भुकटीने आसपासच्या ऊतींत गाठी धरल्या. चार्नली यांनी टेफ्लॉनचे नमुने स्वतःच्या मांडीत टोचून घेऊन त्यांचा परिणाम पाहिला आणि १९६३ साली ‘लॅन्सेट’मध्ये तो प्रसिद्ध केला. तोवर १९६२ साली एका विक्रेत्याने कापडगिरण्यांतील यंत्रांच्या दंतचक्रांसाठी वापरले जाणारे पॉलिएथिलीन आणून दाखवले होते. चार्नली यांना ते क्षुल्लक वाटले. त्यांचे सहायक हॅरी क्रेव्हन यांनी मात्र ते यंत्रावर घासून पाहिले. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरपासून ते रुग्णांच्या खुब्यात बसू लागले. विणकामाच्या यंत्राकडून आलेला हा पदार्थ पुढे सुधारत गेला, पण त्याची जागा अद्याप दुसऱ्याने पुरती घेतलेली नाही.

दुसरे फसवे नाव ‘सिमेंटचा आजार’. रोपणाभोवतीचे हाड वर्षानुवर्षे विरत जाते असे आढळले, तेव्हा दोष सांधा चिकटवणाऱ्या ॲक्रिलिक सिमेंटला दिला गेला. १९८७ साली हे नाव छापूनही आले. मग सिमेंटविरहित सांधे बसवले, तरी हाड विरतच राहिले. खरा दोषी निघाला पॉलिएथिलीनची सूक्ष्म भुकटी. शरीरातील भक्षक पेशी ते कण गिळतात, पण त्यांना पचवता येत नाहीत. त्या जे संदेश सोडतात त्यांनी हाड खाणाऱ्या पेशी जाग्या होतात. प्रश्न चिकटण्याचा नव्हता, झिजण्याचा होता. त्यानंतर संशोधनाची दिशाच पालटली. किरणोत्साराने रेणूंच्या साखळ्या एकमेकींत गुंफलेले पॉलिएथिलीन १९९० च्या दशकाअखेर आले आणि झीज पुष्कळ घटली. किरणांनी मागे सोडलेले अस्थिर रेणू प्राणवायूशी संयोग पावून पदार्थ ठिसूळ करतात, म्हणून पुढे त्यात ई जीवनसत्त्व मिसळले गेले.

तिसरे नाव आमच्या अधिक जवळचे आहे: ‘दैनंदिन हालचाल’. कृत्रिम गुडघ्याच्या झिजेची चाचणी यंत्रावर लक्षावधी आवर्तने करून घेतात. ‘आयएसओ १४२४३’ या मानकात ती आवर्तने चालण्याची आहेत. चालणे सर्वांचेच आहे. परंतु उकिडवे बसताना गुडघा १३० अंशांपलीकडे जातो, धातू आणि प्लॅस्टिक यांचा संपर्क मागच्या कडेवरील लहानशा जागेत आकसतो आणि तेवढ्याच जागी मोठा दाब येतो. ही हालचाल चाचणीच्या भाषेत अपवाद ठरते. कोपरगाव-राहात्याच्या शिवारात ती दिवसभराची असते.

पुण्याच्या डॉ. कांतिलाल संचेती यांनी रचलेल्या ‘इंडस’ गुडघ्याचे महत्त्व येथे आहे. भारतीय हाडांची मापे, जमिनीवर बसण्याची सवय आणि परवडणारी किंमत हे तीन विचार त्यामागे होते. किमतीचा प्रश्न पुढे शासनानेही हाती घेतला. ऑगस्ट २०१७ मध्ये कोबाल्ट-क्रोमियमच्या गुडघ्याची कमाल किंमत करांखेरीज ५४,७२० रुपये ठरली. अर्थात, अधिक वाकणाऱ्या रचनांनी सर्व काही साधले असे म्हणता येत नाही. अशा रचनांच्या तुलनात्मक अभ्यासांत लाभ अपेक्षेएवढा आढळला नाही, आणि आजही बहुतेक शल्यचिकित्सक शस्त्रक्रियेनंतर जमिनीवर बसू नका असेच सांगतात. आकार बदलला तरी मागच्या कडेवरचा दाब सोसणारा पदार्थ हवाच. त्यासाठी यंत्रालाही आधी बसायला शिकवावे लागेल.

साहित्याच्या अभ्यासकाला या इतिहासात काय स्थान, असे कोणी विचारील. उपमा समजावते तशी झाकतेही, हे आपण वर्गात शिकवतो. येथे त्या झाकण्याची किंमत रुग्णांनी दुसऱ्या शस्त्रक्रियेच्या रूपाने मोजली आहे. लोणीच्या प्रवरा रुग्णालयासारख्या ठिकाणी गुडघा दाखवायला येणारी बाई ‘मला नीट बसता येईल का?’ असे विचारते, तेव्हा ती संशोधनाच्या परिभाषेतील उणीवच दाखवून देत असते. तिचा प्रश्न चाचणीच्या व्याख्येत शिरेपर्यंत मंडपातली ती मागची रांग हलणार नाही.