आठ रुपयांचे ऋण : आपल्याकडील उच्च शिक्षणाच्या खर्चाची कथा

विद्येची महती सांगणारी वचने आपल्या समाजात थोडी नाहीत. परंतु त्या विद्येला खर्च किती आला आणि तो कोणी सोसला, याचा हिशेब मात्र क्वचितच मांडला जातो. थोर पुरुषांच्या चरित्रांत त्यांच्या पदव्यांची वर्षे मोठ्या अक्षरांत असतात. त्या पदवीपायी कोणाची शाळा सुटली, कोणाच्या हातातील पाटल्या गेल्या, हे एखाद्या ओळीत उरकलेले असते. प्रस्तुत लेखात ती ओळच थोडी विस्ताराने वाचावी, असा विचार आहे. आपल्यासारख्या ज्ञातिसंस्थांचा जन्म कशातून झाला आणि त्यांचे आजचे कर्तव्य काय, हे समजण्यास तिचा उपयोग होईल.

जुन्या काळी विद्येसाठी घर सोडावे लागे, परंतु फी द्यावी लागत नसे. पाठशाळेतील विद्यार्थी गुरुगृही राहत, गुरूंस राजाश्रय असे, आणि पेशवाईत विद्वानांस दक्षिणा मिळे. या दक्षिणेच्याच द्रव्यातून इंग्रजी अंमल आल्यावर १८२१ साली पुण्यास संस्कृत पाठशाळा निघाली आणि पुढे तिचेच रूपांतर डेक्कन कॉलेजात झाले. अर्थात् ही जुनी सोय फार थोड्या जातींपुरती होती, हे येथेच नमूद केले पाहिजे. बहुजन समाजास आणि अस्पृश्य मानलेल्या बांधवांस तिचा दरवाजा बंदच होता.

१८५७ साली मुंबई विद्यापीठ स्थापन झाले आणि १८६२ साली न्या. रानडे, डॉ. भांडारकर प्रभृती पहिले पदवीधर बाहेर पडले. यानंतर मध्यमस्थितीतील कुटुंबांपुढे एक अगदी नवा प्रश्न उभा राहिला. महाविद्यालये मोजकी, आणि तीही मुंबई-पुण्यासारख्या शहरांत. कोकणातील किंवा देशावरील मुलास तेथे धाडावयाचे म्हणजे फी, पुस्तके, खोलीचे भाडे आणि दोन वेळचे जेवण अशा चारही गोष्टी रोख पैशात उभ्या करावयाच्या. शेतावर धान्य पिकत असे, पण रोख पैसा नसे. तेव्हा मुलाच्या अंगची हुशारी ही आईबापांस आनंदाची गोष्ट वाटे, तशीच काळजीचीही वाटे.

यांपैकी जेवणाचा प्रश्न पुण्यासारख्या शहरात एका जुन्याच रीतीने काही अंशी सुटला. ब्राह्मण विद्यार्थी वार लावून जेवीत. म्हणजे आठवड्याचे सात दिवस सात घरी. ज्याचा एखादा वार रिकामा राही तो त्या दिवशी उपवास करी किंवा चण्यांवर भागवी. काही माधुकरी मागत. या अन्नावर पुष्कळ मोठी माणसे वाढली. परंतु वाराच्या घरी कधी माया मिळे, कधी उपेक्षा, आणि पंक्तीत मागे बसलेल्या मुलाचे मन ती उपेक्षा जन्मभर विसरत नसे. अशा मुलांची एकत्र सोय व्हावी म्हणून १९०९ साली पुण्यास अनाथ विद्यार्थी गृह निघाले. दाते आणि विद्यार्थी यांच्यामध्ये एक संस्था उभी राहिली, तेव्हा अन्न तेच राहिले. मात्र घेणाऱ्यास दारोदार उभे राहण्याचे कारण उरले नाही.

जेवण मिळाले तरी फी आणि पुस्तके उरतातच. ती कशी भागत, याचे बोलके उदाहरण नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांच्या घरचे आहे. १८७९ साली त्यांचे वडील कृष्णराव वारले, तेव्हा गोपाळ तेरा वर्षांचा होता. थोरले बंधू गोविंदराव स्वतः शिकत होते. त्यांनी शिक्षण सोडले आणि कागल येथे दरमहा १५ रुपयांची नोकरी धरली. त्या १५ रुपयांतून ८ रुपये ते कोल्हापुरास धाकट्या भावाच्या शिक्षणासाठी पाठवीत आणि उरलेल्या ७ रुपयांत आपला प्रपंच चालवीत. १८८१ साली गोपाळ मॅट्रिक झाला. आता आपणही नोकरी करून घरास हातभार लावावा, असे त्याच्या मनात होते. थोरल्या भावाने ते मानले नाही, आणि वहिनींनी आपले दागिने पुढे केले. असा तो मुलगा १८८४ साली एल्फिन्स्टन कॉलेजातून पदवीधर झाला.

या हिशेबात वाचकांनी दोन रकमा वेगळ्या काढून पाहाव्यात. पहिली रक्कम आठ रुपयांची, ती दिसते. दुसरी रक्कम म्हणजे गोविंदरावांचे सुटलेले शिक्षण. ती कोणत्याच वहीत लिहिलेली नाही. एका घरात एकच मुलगा शिकू शकेल एवढाच पैसा असला, की दुसऱ्या मुलाने आपला वाटा त्याच्या पदरी घालावयाचा, हा त्या काळच्या असंख्य घरांचा नियम होता. १८८० साली टपालखात्याने मनीऑर्डरची सोय केली, आणि महिन्याच्या महिन्यास गावाहून शहराकडे किंवा नोकरीच्या ठिकाणाहून वसतिगृहाकडे निघणाऱ्या चारपाच रुपयांस एक हमरस्ता मिळाला. त्या मनीऑर्डरीच्या कुपनावर ‘प्रकृतीस जपणे, अभ्यास करणे’ एवढेच लिहिलेले असे. पाठविणाऱ्याने स्वतःचे काय सोडले, हे त्यात कधी नसे.

गोखल्यांनी हे ऋण कसे फेडले, तेही पाहण्यासारखे आहे. १८८४ साली स्थापन झालेल्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे ते आजीव सदस्य झाले. या सदस्यांनी वीस वर्षे सेवा करण्याचे बंधन पत्करले होते आणि वेतन दरमहा ७५ रुपयांच्या आसपास होते. पदवीधरास सरकारी नोकरीत याहून कितीतरी अधिक मिळत असे. अध्यापकांनी स्वतःचे वेतन कमी घेतले, म्हणून १८८५ साली निघालेले फर्ग्युसन कॉलेज देशी माणसांच्या बळावर उभे राहू शकले. पुढे १९११ साली याच गोखल्यांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मध्यवर्ती कायदेमंडळात मांडले. ते विधेयक मंजूर झाले नाही. परंतु भावाच्या आठ रुपयांवर शिकलेल्या माणसाने सर्व देशातील मुलांच्या फीचा प्रश्न हाती घेतला, यातच सारे आले.

दुसरे उदाहरण परळच्या चाळीतील एका खोलीचे. सुभेदार रामजी सकपाळ हे सेवानिवृत्त गृहस्थ मुलगा भीमराव याच्या अभ्यासासाठी स्वतः रात्री जागत आणि पहाटे दोनच्या सुमारास त्याला उठवीत. मुलास एखादे पुस्तक हवे झाले आणि हाती पैसा नसला, की ते आपल्या विवाहित मुलींकडे जात, पैसे किंवा एखादा दागिना मागून आणीत, आणि पेन्शन हाती येताच तो सोडवून परत करीत. १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले. परंतु येथे एक भेद ध्यानात घेतला पाहिजे. गोखल्यांच्या घरी पैसा नव्हता, तरी शहरात त्यांस पंक्तीस बसविणारी घरे होती. आंबेडकरांस तो आधार नव्हता. कृष्णराव अर्जुन केळूसकर यांच्या शिफारशीने श्रीमंत सयाजीराव गायकवाड महाराजांनी दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती दिली, आणि १९१३ साली दहा वर्षे बडोदे संस्थानची नोकरी करण्याच्या करारावर कोलंबिया विद्यापीठात धाडले. पुढे अर्धवट राहिलेला लंडनचा अभ्यास पुरा करण्यास त्यांस स्वतःची बचत, शाहू महाराजांचे साहाय्य आणि एका पारशी स्नेह्याचे कर्ज यांचा आधार घ्यावा लागला. अशा रीतीने शिकलेल्या डॉ. आंबेडकरांनी १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली, १९४६ साली मुंबईस सिद्धार्थ कॉलेज काढले आणि १९५० साली औरंगाबादेस दुसरे महाविद्यालय सुरू केले.

या दोन घरांमधील अंतर ज्या राजपुरुषाने अचूक ओळखले, ते म्हणजे कोल्हापूरचे छत्रपती शाहू महाराज. खेड्यातील मुलगा शहरात राहणार कोठे, या प्रश्नापाशी सारे शिक्षण अडते, हे त्यांनी जाणले होते. १९०१ साली मराठा विद्यार्थ्यांसाठी व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघाले आणि १९०८ साली अस्पृश्य मानलेल्या विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. जैन, लिंगायत, मुसलमान, दैवज्ञ, सारस्वत, शिंपी अशा विविध समाजांची वसतिगृहे महाराजांच्या प्रोत्साहनाने उभी राहिली. जागा व देणगी दरबारची आणि चालविण्याची जबाबदारी त्या त्या समाजाची, असा सामान्यतः क्रम असे. वार लावण्याची जुनी सोय ज्यांस नव्हती, त्यांस छप्पर मिळाले आणि आपल्या मुलांचा भार आपण उचलण्याची सवय समाजांस लागली.

मुंबई-पुण्यातील ज्ञातिसंस्थांचे शिष्यवृत्ती-निधी आणि वसतिगृहे यांची प्रेरणाही याच जातीची होय. जे काम पूर्वी एकटा थोरला भाऊ करीत होता, ते सर्व समाजाने मिळून करावे, एवढाच त्याचा अर्थ. अनेक ठिकाणी शिष्यवृत्ती कर्जाऊ असे: व्याज नाही, जामीन म्हणून समाजातील दोन गृहस्थांच्या सह्या, आणि नोकरी लागताच हप्त्याने फेड. जमशेटजी टाटा यांनी १८९२ साली परदेशी शिक्षणासाठी जो निधी स्थापिला, त्याचीही पद्धत कर्जाऊच होती. या रीतीत दोन गुण आहेत. घेणाऱ्याची मान खाली जात नाही, आणि परत आलेली रक्कम दुसऱ्या मुलाच्या हाती पडते.

परंतु केवळ आपल्यापुरते पाहण्याची एक मर्यादाही आहे, आणि ती याच इतिहासाने दाखवून दिली आहे. कोल्हापुरास जैन बोर्डिंगात राहून शिकलेल्या भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ साली साताऱ्यास वसतिगृह काढले, ते सर्व जातिधर्मांच्या मुलांचे. मुले एकत्र राबत, एकत्र स्वयंपाक करीत आणि एका पंक्तीत जेवीत. १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते त्यास शाहू महाराजांचे नाव देण्यात आले. ‘कमवा व शिका’ हा मंत्र तेथलाच. वसतिगृहात धान्य संपले तेव्हा लक्ष्मीबाई पाटील यांनी आपले दागिने एकामागून एक दिले आणि शेवटी मंगळसूत्रही विकले. १९३० साली त्या निवर्तल्या. १९४७ साली साताऱ्यास निघालेले छत्रपती शिवाजी कॉलेज त्यांस पाहावयास मिळाले नाही.

गोखल्यांच्या वहिनी, आंबेडकरांच्या बहिणी, लक्ष्मीबाई पाटील. या तिन्ही कथांत मुलाच्या शिक्षणाचा पैसा बायकांच्या अंगावरून उतरला आहे. स्त्रीचा दागिना हीच मध्यमस्थितीतील घराची एकमेव ठेव होती. आणि ज्या ठेवीवर घरचा मुलगा पदवीधर झाला, त्या ठेवीतून घरच्या मुलीस कॉलेजात धाडावे, हे मात्र फार उशिरा सुचले. मुलीच्या नावे काढलेला पैसा हुंड्यासाठी असे. महर्षी कर्व्यांनी १८९६ साली स्थापिलेल्या आश्रमापासून १९१६ च्या महिला विद्यापीठापर्यंत जे कष्ट केले, ते याच थकबाकीपोटी होते, असे म्हटल्यास वावगे होणार नाही.

स्वातंत्र्याच्या सुमारास आणि नंतर शासनानेही या खर्चात वाटा उचलला. १९४४ साली अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली, आणि पुढे महाराष्ट्रात आर्थिक दृष्ट्या मागासलेल्या कुटुंबांतील मुलांस मिळालेल्या फीच्या सवलतीमुळे हजारो घरांतील पहिला पदवीधर निर्माण झाला. परंतु १९८३ साली विनाअनुदान अभियांत्रिकी महाविद्यालयांस परवानगी मिळाली. जागा वाढल्या, तशी फीही वाढली. २००१ पासून बँकांच्या शैक्षणिक कर्जाची ठरावीक योजना आली, आणि आज वैद्यक किंवा तांत्रिक शिक्षणाचा खर्च लाखांत मोजला जातो. २०२४ साली महाराष्ट्र शासनाने आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी माफ केली, ही समाधानाची गोष्ट होय. तरीही खोलीचे भाडे, खाणावळ आणि पुस्तके उरतातच. गोपाळाच्या आठ रुपयांपुढे जो प्रश्न होता, तोच आज आठ हजारांपुढे आहे.

बँक कर्ज देते आणि व्याजासह परत घेते. तो व्यवहार तेथेच संपतो. समाजाने दिलेले कर्ज परतफेडीने संपत नाही, ते पुढच्या मुलाच्या नावे चालू राहते. म्हणून सभासद कुटुंबांस तीन गोष्टी नम्रपणे सुचवाव्याशा वाटतात. ज्यांचे शिक्षण अशा निधीच्या साहाय्याने झाले, त्यांनी घेतलेली मूळ रक्कम फेडून थांबू नये. त्या वेळच्या रकमेत तेव्हा एका विद्यार्थ्याचा जितका खर्च भागत होता, तितका खर्च आज ज्या रकमेत भागेल ती द्यावी. दुसरे, शिष्यवृत्ती देताना मुलींचे अर्ज आधी काढावेत. तिसरे, निधीतील काही भाग ज्ञातीबाहेरील गरजू विद्यार्थ्यासाठी राखून ठेवावा; कारण आपल्यापैकी कित्येकांचे पूर्वज परक्यांच्या पंक्तीस जेवूनच शिकले आहेत.

येत्या जूनमध्ये आपल्यापैकी अनेक घरांतून एखादी मुलगी, एखादा मुलगा सामान बांधून परगावी निघेल. निघण्यापूर्वी आईवडिलांनी त्यास फीच्या पावतीबरोबर एक गोष्ट अवश्य सांगावी: या घरात आजवर कोणी कोणासाठी काय सोडले. तो हिशेब वहीत लिहिलेला नसतो. तो तोंडानेच सांगावा लागतो, आणि ज्याने तो ऐकला त्यास त्याची फेड कोणी वेगळी शिकवावी लागत नाही.