जैवक्रियाशील काच
शरीरद्रवाशी विक्रिया होऊन जिवंत अस्थीशी बंध साधणारी काच. धातू व प्लॅस्टिक यांच्या रोपणांभोवती शरीर तंतुमय आवरण निर्माण करी. युद्धात जायबंदी झालेल्या सैनिकांसाठी शरीर स्वीकारील असा पदार्थ करता येईल का, असे १९६७ मध्ये व्हिएटनामहून परतलेल्या अमेरिकी सेनाधिकाऱ्याने लॅरी हेंच यांना विचारले. फ्लॉरिडा विद्यापीठात १९६९ मध्ये हेंच यांनी वजनाने ४५% सिलिका, प्रत्येकी २४·५% सोडियम व कॅल्शियम ऑक्साइडे आणि ६% फॉस्फरस पेंटॉक्साइड असलेली काच बनविली. शरीरात तिच्या पृष्ठावर अस्थिखनिजासारखा ॲपेटाइटाचा थर तयार होऊन त्यास नवी अस्थी जोडली जाते. मध्यकर्णातील अस्थिका व दातांभोवतालची झिजलेली अस्थी यांसाठी ती वापरली गेली. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातही अशा पदार्थांवर संशोधन झाले आहे. तथापि ठिसूळपणामुळे भार पेलणाऱ्या अस्थीच्या जागी ती एकटी पुरेशी ठरत नाही. त्यामुळे सैनिकांविषयीचा मूळ प्रश्न अंशतःच सुटला आहे.