१९८२ सालच्या दोन ध्वनिमुद्रिका

इतिहासाचे व्याख्यान म्हटले की सनदा, लढाया आणि किल्ले आले, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. आणि ज्या पारोळ्यात भुईकोट किल्ला डोळ्यांसमोर उभा आहे तेथे ती असावी यात नवल नाही. परंतु वाद्यांनाही इतिहास असतो. खानदेशातील वरातीपुढे एके काळी संबळ आणि सनई वाजत असे. पुढे पितळी बँड आला. आता चाकांच्या सजवलेल्या गाडीवर कीबोर्ड आणि कर्णे मांडून तोच बँड गावातून फिरतो. प्रत्येक नव्या वाद्याच्या आगमनाबरोबर ‘हे का खरे वाजविणे?’ हा प्रश्न आलेला आहे. ह्या प्रश्नाचा इतिहास पाहावयाचा तर १९८२ सालाइतके सोयीचे साल आम्हांस दुसरे दिसत नाही. त्या वर्षी एक नामांकित इंग्रजी वाद्यवृंद याच प्रश्नावर ठेचाळला, आणि मुंबईत एका जुन्या वादकाने तेच धाडस केले, ते मात्र कोणाच्या लक्षातही आले नाही.

त्या इंग्रजी वाद्यवृंदाचे नाव ‘क्वीन’. त्याचा धागा आपल्या प्रांताशी जुळतो तो पाचगणीमुळे. ह्या मंडळींचा मुख्य गायक फ्रेडी मर्क्युरी याचे मूळ नाव फारोख बलसारा. पारशी कुटुंबातील हा मुलगा १९४६ साली झांझिबारला जन्मला आणि आठव्या वर्षाच्या सुमारास शिक्षणासाठी पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत आला. तेथे तो पियानो शिकला. १९५८ साली पाच विद्यार्थ्यांनी मिळून ‘द हेक्टिक्स’ नावाचा एक वाद्यवृंद काढला, त्यात पियानोवर हा. सह्याद्रीच्या त्या थंड गावी शाळेच्या समारंभांत ही मुले त्या काळची लोकप्रिय पाश्चात्त्य गीते वाजवीत. पुढे १९६४ मध्ये झांझिबारात क्रांती झाली आणि बलसारा कुटुंब इंग्लंडला गेले.

१९७० मध्ये फ्रेडी, गिटारवादक ब्रायन मे आणि ढोलवादक रॉजर टेलर यांनी ‘क्वीन’ची स्थापना केली, पुढच्या वर्षी बास गिटार वाजविणारा जॉन डीकन त्यांस मिळाला. ह्यांचे संगीत ‘रॉक’ या जातीचे. गिटारचा विजेने वाढविलेला नाद हा त्याचा प्राण, आणि वादकाच्या अंगातील जोर ही त्याची प्रतिष्ठा. ब्रायन मे याने आपली गिटार वडिलांच्या मदतीने घरीच तयार केली होती. तिची मान जुन्या शेकोटीच्या चौकटीच्या लाकडाची, आणि आतल्या स्प्रिंगा मोटारसायकलच्या. अशा मंडळींना आपल्या हातच्या कामाचा अभिमान वाटल्यास नवल काय? त्यांच्या सुरुवातीच्या तबकड्यांच्या वेष्टनावर ‘यात सिंथेसायझर कोणीही वाजविलेला नाही’ अशा अर्थाची सूचना छापलेली असे. शुद्ध तुपाच्या डब्यावर असते तशी!

आमच्या मते ह्या सूचनेत थोडी गंमत आहे. १९७५ साली ह्याच चौघांनी जे सर्वांत गाजलेले गीत केले त्यातला मोठा थोरला कोरस म्हणजे तीनच माणसांचे आवाज. ते पुनःपुन्हा मुद्रित करून, एका थरावर दुसरा थर चढवून, त्या तिघांचा समुदाय झाला होता. मुद्रणयंत्र हे काही यंत्र नव्हे काय? पण श्रोत्यांच्या मनात मुद्रणयंत्र हे केवळ टिपणारे आणि सिंथेसायझर हे तोतया, असा भेद रुजलेला होता, आणि तो रुजविण्यास खुद्द वादकांचाच हातभार लागला होता.

१९८० च्या ‘द गेम’ या संग्रहात सिंथेसायझर प्रथमच आला. त्याच संग्रहात डीकनने रचलेले, बासच्या एका ठाम सुरावटीवर चालणारे नाचाचे गीत अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेले. यशासारखी भूल दुसरी नाही. म्युनिक आणि माँत्रो येथे मुद्रित होऊन मे १९८२ मध्ये ‘हॉट स्पेस’ बाहेर पडला. त्याच्या पहिल्या बाजूवर बासच्या जागी ठिकठिकाणी सिंथेसायझर आहे आणि काही ठिकाणी ठेका यंत्राचा आहे. ‘बॉडी लँग्वेज’ या गीतात तर गिटार जवळजवळ ऐकूच येत नाही. ‘बॅक चॅट’ या गीतात गिटारला जागा द्यावी की नाही यावरून मे आणि डीकन यांत वाद झाला. म्हणजे श्रोत्यांत पुढे जो तंटा माजला तो आधी घरातच होऊन गेला होता.

काळही प्रतिकूल होता. नाचाच्या ‘डिस्को’ संगीताविरुद्ध अमेरिकेत मोठी चीड उसळली होती. १२ जुलै १९७९ रोजी शिकागोच्या कोमिस्की पार्क या क्रीडांगणावर डिस्कोच्या तबकड्यांचा ढीग स्फोटाने उडविण्यात आला, आणि लोक मैदानात घुसल्यामुळे पुढचा बेसबॉलचा सामनाही होऊ शकला नाही. अशा हवेत जुन्या ‘क्वीन’भक्तांस हा संग्रह पक्षांतरासारखा वाटला. अमेरिकेत ‘द गेम’ पहिल्या क्रमांकावर होता, तर ‘हॉट स्पेस’ बाविसाव्याच्या वर चढला नाही. त्या जूनमध्ये मिल्टन कीन्स येथील जलशात फ्रेडीने श्रोत्यांची समजूत घातली, की नव्या गीतांमुळे आमचा जुना बाणा सुटला असे नाही, ही शेवटी एक तबकडीच आहे. रंगमंचावर ती गीते गिटारच्याच जोरावर वाजविली जात, हे विशेष. फ्रेडीसह ह्या मंडळींचा अमेरिकेतील तो शेवटचा दौरा ठरला.

दोष यंत्राचा होता असे आम्हांस वाटत नाही. पहिल्या बाजूवर यंत्रांचा बाज आणि दुसऱ्या बाजूच्या आरंभीच पुन्हा गिटारचा गडगडाट, अशी त्या तबकडीची रचना आहे. एका घरात दोन चुली मांडल्यासारखे ते वाटते. याचा पुरावा पुढे दोनच वर्षांनी मिळाला. १९८४ च्या ‘द वर्क्स’ संग्रहातील ‘रेडिओ गा गा’ हे टेलरचे गीत सिंथेसायझर आणि यंत्राच्या ठेक्यावरच उभे आहे. पण त्यात यंत्र पाहुण्यासारखे बसत नाही, घरच्यासारखे वावरते. १३ जुलै १९८५ रोजी लंडनच्या वेंब्ली क्रीडांगणावर ते गाइले गेले तेव्हा सुमारे ७२,००० लोकांनी हात उंचावून एका तालात टाळ्या दिल्या.

आता मुंबईकडे वळू. चरणजीतसिंग हे हिंदी चित्रपटसंगीतात वर्षानुवर्षे साथ केलेले वादक. अशा वादकांची नावे तबकडीवर क्वचितच येतात. त्यांचा हात मात्र घरोघर ऐकलेला असतो. ‘कुर्बानी’मुळे १९८० पासून आपल्याकडे डिस्कोचे वारे वाहत होते. सिंगांनी रोलंड या जपानी कंपनीची, नुकतीच निघालेली यंत्रे आणली: एक ठेका देणारे, एक बास वाजविणारे आणि एक सुरावटीचा सिंथेसायझर. त्यांवर भैरवी, ललत, भूप, तोडी, यमन, मालकंस असे दहा राग बसविले, आणि १९८२ मध्ये एच. एम. व्ही.ने ती तबकडी काढली.

बासचे ते यंत्र मुळात एकट्या गिटारवादकाला सरावासाठी साथ मिळावी म्हणून बनविलेले. त्यात एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोय होती. आपल्या कानाला ती मींडेच्या जवळची वाटते. आणि सतत फिरणारी बासची ओळ लेहऱ्याची आठवण देते. तरी भाबडे कौतुक नको. ठेका सगळीकडे एकसारखा धावतो, तेव्हा विलंबित नाही, लय वाढविण्याचा आनंद नाही. पहाटेचा ललत आणि मध्यरात्रीचा मालकंस एकाच घोड्यावर बसतात. रागाचे चलन राखले आहे, त्याची सवड गेली आहे. असे असूनही ती तबकडी एका दमात ऐकवते, कारण येथे दोन चुली नाहीत.

खप झाला नाही, आणि तबकडी विस्मरणात गेली. निषेध करण्यापुरतेही तिच्याकडे कोणी पाहिले नाही. पुढे १९८७ मध्ये शिकागोच्या तरुणांनी बासच्या त्याच जातीच्या यंत्रावर ‘ॲसिड हाउस’ नावाचा नवा प्रकार रूढ केला. ज्या शहरात तबकड्या उडविल्या तेथेच हे घडावे! त्यानंतर एदो बाउमन या डच संग्राहकाच्या हाती सिंगांची जुनी प्रत लागली आणि २०१० मध्ये तिचे पुनर्मुद्रण झाले. तेव्हा पाश्चात्त्य रसिक चकित झाले, आणि ‘ॲसिड हाउसचा जनक मुंबईचा’ अशी आरोळी आपल्याकडेही उठली. आम्हांस ती पटत नाही. शिकागोच्या मुलांनी ही तबकडी ऐकली होती याला आधार नाही. एकच हत्यार दोन कारागिरांच्या हाती गेले, एवढेच खरे. सिंगांना कोणाचे जनकत्व देण्याची गरज नाही. ते आपले राग वाजवीत होते. सत्तरी उलटल्यावर त्यांना युरोपातून जलशांची निमंत्रणे आली. तेथे तरुण श्रोत्यांपुढे त्यांनी तेच राग त्याच ठेक्यावर वाजविले. जुलै २०१५ मध्ये मुंबईत त्यांचे निधन झाले.