औषध म्हणून आलेली तंबाखू : गोवा, विजापूर आणि पेडणे

तंबाखू हिंदुस्थानात पोर्तुगीजांमार्फत आली, हे सर्वश्रुत आहे. मात्र तिचा प्रवेश व्यसन म्हणून नव्हे, तर औषध म्हणून झाला, याकडे अभ्यासकांचे पुरेसे लक्ष गेलेले नाही. गार्सिया द ओर्ता याच्या 1563 साली गोव्यात छापलेल्या वनौषधीविषयक ग्रंथात चोपचिनीवर प्रकरण आहे, तंबाखूवर नाही. पुढे 1571 मध्ये सेव्हिलचा वैद्य मोनार्देस याने तिला अनेक रोगांवरील औषध म्हणून गौरविले. तिचा युरोपात प्रसार करणाऱ्या जाँ निकोच्या नावावरूनच 'निकोटिन' हा शब्द आला.

1604च्या सुमारास असद बेगने विजापूरहून तंबाखू अकबराच्या दरबारात नेली. बादशहाने दोन-तीन झुरके घेतले, तोच हकिमाने हरकत घेतली : आमच्या ग्रंथांत हिचा उल्लेख नाही, हे औषध अनुभवसिद्ध नाही. असद बेगने उत्तरादाखल चोपचिनीचा दाखला दिला. तीही नवीनच होती, तरी गुणकारी ठरली. युक्तिवाद बिनतोड वाटतो. तरीही हकीमच बरोबर होता, असे आमचे मत आहे. नव्या औषधाचा अनुभव मागणे हा जुनाटपणा नव्हे. अकबराने पुन्हा तंबाखू घेतली नाही. 1617 मध्ये जहांगीरने तिच्यावर बंदी घातली, पण ती टिकली नाही.

इकडे गोव्यात ब्राझीलची तंबाखू येत होती व तिचा मक्ता हे सरकारी उत्पन्नाचे मोठे साधन होते. पेडणे महाल 1788 साली सावंतवाडीकरांकडून पोर्तुगीजांकडे गेला. सीमेच्या दोन्ही बाजूंना घरगुती उपाय मात्र एकच राहिले : जळू सुटावी म्हणून तंबाखू-चुना, दातदुखीवर भाजलेल्या पानाची मशेरी.

या उपायांमागचे द्रव्य 1828 मध्ये हायडेलबर्ग येथे पोसेल्ट व रायमान यांनी वेगळे केले. निकोटिन झाडाच्या मुळांत तयार होऊन पानांत साठते आणि किडीपासून रक्षण करते. त्याच कुळातील वांग्यातही ते असते, पण नगण्य. दहा किलो वांग्यांत सुमारे एक मिलिग्रॅम. तंबाखूचे मात्र तसे नाही. चुन्यामुळे निकोटिन तोंडाच्या त्वचेतून लवकर रक्तात जाते. मशेरीने ठणका क्षणभर विसरतो, दात बरा होत नाही, आणि लावणाऱ्या बाईला दुसऱ्या दिवशी ती दुखण्यावाचूनही हवी असते.

तंबाखूयुक्त दंतमंजनावर केंद्र सरकारने 1992 मध्ये बंदी घातली. घरी तव्यावर भाजलेली मशेरी त्या कायद्याच्या आवाक्याबाहेर राहिली.