गिरड ते सेवाग्राम : अन्ननलिकेच्या कर्करोगावरील दुर्बिणीतून उपचारांचा मागोवा

शेख फरीदबाबांच्या टेकडीमुळे ख्यातनाम झालेले समुद्रपूर तालुक्यातील गिरड ज्या वर्धा जिल्ह्यात आहे, तेथे खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारीचे मिश्रण, चघळण्याची सवय खोलवर रुजलेली असून, तंबाखू हे अन्ननलिकेच्या कर्करोगाचे एक प्रमुख कारण मानले जाते. मुंबईत 1941 मध्ये टाटा स्मारक रुग्णालय, तर वर्धा जिल्ह्यातीलच सेवाग्रामात 1969 मध्ये महात्मा गांधी वैद्यकीय संस्था सुरू झाली. तथापि अन्ननलिका छेदून काढणे हाच शल्यचिकित्सेचा मुख्य मार्ग दीर्घकाळ राहिला.

एंडोस्कोपी, म्हणजे तोंडावाटे दुर्बीण घालून केलेली तपासणी, हिची सुरुवात 1868 मध्ये जर्मन वैद्य कुसमाउल यांनी एका तलवार गिळणाऱ्या कसरतपटूवर केली. 1957 मध्ये लवचीक काचतंतूंची दुर्बीण आली. पुढे जपानी वैद्यांनी म्यूकोसल रिसेक्शन, म्हणजे रोगग्रस्त श्लेष्मल अस्तर उचलून फासाने कापण्याची पद्धत, आणि नंतर सबम्यूकोसल डिसेक्शन, म्हणजे त्याखालच्या थरातून गाठ अखंड सोलून काढण्याची पद्धत, विकसित केली. रोग वरच्या अस्तरापुरता असेल तेव्हाच हे उपचार पुरेसे ठरतात. गिळताना घास अडकू लागल्यावर आलेल्या रुग्णात मात्र तो बहुधा खोलवर पसरलेला असतो.